खारवाले काकाजी

वर्ध्यातल्या कोणत्याही ले-आउटमध्ये एक खारवाले काकाजी असतातच. सेवानिवृत्त, सकाळचं फिरणं उरकलेले, हातातल्या पिशवीत पक्कड, तांब्याची तार आणि काकूंच्या पर्समधून उचललेला छोटा आरसा. उमर बहुधा पाटबंधारे खात्यात नाही तर वीज मंडळात गेलेली. क्वचित कुठे शाळामास्तरही निघतात, पण मग निदान फार लांबतं. कोणाचा फ्लश बिघडला ही बातमी त्यांना कशी लागते ते कळत नाही. चहाच्या वेळी ते दारात उभे असतात एवढं खरं.

“प्लंबरले काऊन बोलावलं? मले सांगाचं ना!”

प्लंबर तर येऊन गेलेला असतो. त्यानं बॉलकॉक बदललेला असतो, टाकीखालचा वायसर बदललेला असतो आणि पैसे मोजून खिशात घातलेले असतात. टाकी आता काठोकाठ भरते. बटण दाबलं की मात्र पाणी कडेनं रडत रडत उतरतं आणि जे जायला हवं ते जागच्या जागी प्रदक्षिणा घालत राहतं. तेव्हापासून घरातला प्रत्येक माणूस आत जाताना भरलेली बादली घेऊन जातो आणि पाहुण्यांना पाठवताना यजमानीणबाई कसनुसं हसते.

काकाजी कमोडकडे एकदम जात नाहीत. खुर्चीत टेकतात आणि विचारतात, “बोअर किती फुटावर लागला?”

हा प्रश्न उगाच नसतो. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलेला आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकाच्या भेगांतून मुरतं, आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेऊन कठीण होतं. धाम नदीच्या पाण्याचा नळ सगळ्यांच्याच नशिबी नसतो. नव्या ले-आउटमध्ये तर बोअर आधी आणि घर नंतर. भारतीय मानक आयएस 10500 पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 200 मिलिग्रॅम कठीणपणा योग्य मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. काकाजींना हे आकडे नातवांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ असतात. कमोडसाठी असं काही मानक नाही. तो बिचारा मिळेल ते पितो.

“तुमच्या टाकीत काई दोष नाई, भाऊ. दोष जमिनीत हाये.”

मग बादलीची परीक्षा होते, आणि इथे काकाजींना मानावंच लागतं. ते भरलेली बादली एका दमात कमोडमध्ये ओततात. पाणी तुंबून वर चढलं तर अडथळा खाली आहे, म्हणजे ट्रॅपमध्ये, पाइपात किंवा सेप्टिक टँकच्या वाटेवर. तिथे प्लंबरला पर्याय नाही. पण पाणी गडगडत निघून गेलं, तर खालची वाट मोकळी आहे आणि चोर वर बसलेला आहे. वर्ध्यात चोर पुष्कळदा वरच सापडतो. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा प्लंबर करत नाही, कारण तिच्यात बदलायला काही निघत नाही.

यानंतर आरसा. काकाजी गुडघे टेकतात आणि आरसा कमोडच्या ओठाखाली धरतात. घरातला मुलगा दारातूनच मोबाइलची बॅटरी दाखवतो. त्याच्या मागे त्याची आई, तिच्या मागे नाकाला पदर लावलेली आजी. आरशात ती छिद्रं दिसतात ज्यांतून टाकीचं पाणी गोल फेर धरून यायचं असतं. आता त्यातली निम्मी बुजलेली, उरलेल्यांना पिवळट-पांढऱ्या खाराची दाढी. प्रत्येक फ्लशनंतर तिथे एकेक थेंब लोंबत राहतो. तो सुकतो, पाणी उडून जातं, कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. 45 अंशांच्या उन्हाळ्यात हे काम आणखीच जोरात चालतं.

इथून पुढे काकाजींचे दोन पंथ पडतात. पहिला ॲसिडपंथ. यांना फेस पाहिजे. हायड्रोक्लोरिक आम्ल खारावर पडलं की कार्बन डायऑक्साइड फसफसत सुटतो, आणि तो आवाज ऐकून ॲसिडपंथीयांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते लग्नाच्या फोटोतही आलेलं नसतं. पण ओतलेलं आम्ल भांड्याच्या उतारावरून घरंगळून खाली जातं. खार ओठाखाली सुखरूप असतो. वर नळाच्या क्रोमची चमक जाते आणि सेप्टिक टँकमधले बिचारे जिवाणू हकनाक मरतात.

दुसरा लिंबूफूलपंथ. हे संथ लोक. किराणा दुकानातून सायट्रिक ॲसिड आणतात, कोमट पाण्यात विरघळवतात (उकळत्या नव्हे, चिनी मातीला तडा जातो) आणि टाकीतल्या ओव्हरफ्लोच्या नळीत हळूहळू ओततात, म्हणजे ते थेट छिद्रांपर्यंत पोचतं. त्याच पाण्यात भिजवलेल्या चिंध्या ओठाखाली ठासून रात्रभर ठेवतात. सकाळी खार मऊ झालेला असतो. मग तार घालून एकेक छिद्र मोकळं करायचं. गुण शंभर टक्के याच पंथाचा. पण रात्रभर कमोड बंद ठेवायला घरातून जो विरोध होतो, त्यापुढे बरेच अनुयायी धर्मांतर करून ॲसिडपंथात जातात.

या जिल्ह्याला संडासाचं वावडं कधी नव्हतं. गांधीजी 1936 साली शेगावात राहायला आले, 1940 मध्ये त्या गावाचं सेवाग्राम झालं, आणि आश्रमात सफाई हे प्रत्येकाचं काम होतं, पाहुण्याचंसुद्धा. विनोबा 1946 पासून पवनारहून खांद्यावर फावडं टाकून रोज सुरगावला मैला उचलायला चालत जात. काकाजी हा इतिहास सांगतातच, हात कमोडमध्ये असताना सांगतात, आणि दारातली तिन्ही माणसं तो अंतर राखून ऐकतात. माणूस बडबड्या आहे, बिस्किटं संपवतो, प्लंबरची निंदा करतो. पण घरचा कोणी जिथे हात घालत नाही तिथे तो हातमोजा चढवून घालतो, आणि पैसे विचारले तर रागावतो.

तेव्हा खारवाले काकाजी आले तर चहा ठेवा, साखर जास्त टाका. फक्त आधी पंथ विचारून घ्या. ॲसिडपंथी असतील तर बाथरूममधला ब्लीचिंग पावडरचा डबा अंगणात नेऊन ठेवा आणि खिडकी उघडा. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो काकाजींनाही आवरत नाही.