मी फक्त वाचत होतो

आमच्या दूध संकलन केंद्राचा सर्व्हर मी बघतो. बघतो म्हणजे, बिघडला की बोलणी मी खातो.

त्या रात्री साडेदहाला संध्याकाळचं दूध कधीच जाऊन टाकी धुऊन झाली होती. दुपारीच मी जुन्या काही वर्षांच्या नोंदी एका दमात सर्व्हरवर चढवल्या होत्या. आता सभासदवार लिटरची बेरीज काढत होतो. निव्वळ वाचन. आणि डिस्कचा दिवा लग्नाच्या मांडवासारखा लुकलुकायला लागला! आयओटॉप लावून पाहिलं, तर डिस्कवर लिहिणारा आमचा डेटाबेस पोस्टग्रेसच, आणि त्यातली जोडणीही माझीच.

नेमके आबा आले. आमचे चेअरमन.

"दूध बंद झाल्यावर कोण लिहितंय? कुणाचं फॅट वाढवतोयस?"

"आबा, मी फक्त वाचतोय."

दाखवायला तीच बेरीज पुन्हा काढली. दिवा ढिम्म. "बघ, मी आलो की थांबलं," आबा म्हणाले. दौंड तालुक्यात एवढा पुरावा पुरतो.

माझी सुटका अण्णांच्या वहीने केली. अण्णा आमचे हिशेबनीस, त्याआधी रेल्वेत, दौंडच्या यार्डात शंटिंगला. दर दहा दिवसांच्या पगाराची यादी तपासताना पैसे पोचले का, हे ते पावतीबुकात बघतात आणि नावापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करतात. पुढच्याला पावतीबुक उघडावं लागत नाही. पोस्टग्रेस अगदी हेच करतं. नोंद पक्की झाली की नाही हे वेगळ्या वहीत असतं. पहिला वाचणारा ती वही चाळतो आणि नोंदीच्या अंगावरच खूण करून ठेवतो. खुणेने पान बदललं, म्हणजे ते डिस्कवर जाणारच. लाखो नोंदींच्या खुणा माझ्याच कपाळी आल्या होत्या. दुसऱ्या खेपेला खुणा तयार, म्हणून दिवा गप्प. ('बफर्स' मागून एक्सप्लेन ॲनालाइझ चालवलं की किती पानं आपण 'डर्टी' केली तेही ते सांगतं. हा शब्द मात्र मी आबांना सांगितला नाही.)

"बरं," आबा म्हणाले, "आता सगळ्या नोंदी फॅटप्रमाणे लावून दाखव."

लावल्या. दिवा पुन्हा चालू! पुन्हा लावल्या, पुन्हा चालू. आबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

यात खुणांचा दोष नव्हता. क्रम लावायला पोस्टग्रेस मुळात मेमरीत ४ एमबी जागा देतं. तेवढ्यात माल मावला नाही, की तात्पुरत्या फायली करून डिस्कवर ठेवतं, मग उचलून जोडतं. मी हे समजावत होतो आणि अण्णा मान डोलवत होते. मनमाडकडून आलेल्या गाडीचं इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि मग गाडी पुण्याला लावायची, यात त्यांची सगळी नोकरी सरली.

"म्हणजे फलाट आखूड आहे. डबे बाजूच्या लायनीला उभे करतंय," अण्णा म्हणाले.

"हो."

"मग लांब कर की!"

त्या जोडणीपुरते चाराचे चौसष्ट केले. दिवा गप्प बसला. आबा खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकले.

"आता वाच, सगळ्यात वर कोणाचं नाव आहे?"

वर त्यांच्याच म्हशीचं फॅट होतं.