‘स्टेट्समन’ : वापरण्याची पद्धत, प्रमाण आणि घ्यावयाची काळजी

(भातकुली तालुक्यातील सूत्रसंचालक, निमंत्रणपत्रिका लिहून देणारे गुरुजी, फ्लेक्स छापणारे आणि फ्लेक्सवर छापले जाणारे, या सर्वांसाठी. कृषी केंद्रातल्या औषधाच्या डब्यासोबत येते तसले पत्रक समजून वाचावे, म्हणजे वाचून खिशात ठेवावे, लगेच फेकू नये.)

ओळख

पुढाऱ्यांसाठी विशेषणांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. परंतु ‘कार्यसम्राट’ आता प्रत्येक सर्कलमध्ये एकेक झाला, ‘विकासपुरुष’ ग्रामपंचायतीपर्यंत उतरला, आणि ‘लोकनेते’ लिहिले तर कार्यकर्तेच विचारतात, “बस, एवढंच?” तेच औषध वारंवार मारले की बोंडअळी त्याला जुमानत नाही. म्हणून बाजारात नवे आले आहे : स्टेट्समन.

एकोणिसाव्या शतकात जेम्स फ्रीमन क्लार्क या अमेरिकन धर्मोपदेशकाने त्याचा गुणधर्म सांगून ठेवला आहे. साधा राजकारणी पुढच्या निवडणुकीकडे बघतो, स्टेट्समन पुढच्या पिढीकडे. आपल्या भागात ही अट पूर्ण करणे अवघड नाही. पुढची पिढी म्हणजे साहेबांचे चिरंजीव. ते फ्लेक्सच्या डाव्या कोपऱ्यात, गॉगल लावून, आधीपासूनच आहेत.

‘मुत्सद्दी’ हा देशी पर्याय उपलब्ध आहे, पण गावात मुत्सद्दी म्हटले की रातोरात धुरा सरकवणारा शेजारी डोळ्यांपुढे येतो. सत्कारात तो शब्द टाळलेला बरा.

उच्चार

‘ट्स’ हे जोडाक्षर नीट फोडावे. घाईत ‘स्टेटसमन’ झाले की श्रोत्यांचा समज वेगळा होतो. “आपले साहेब म्हंजे मोठे स्टेट्समन हायेत,” असे वक्त्याने म्हणताच मागच्या रांगेतून प्रश्न येतो, “कोनाचं स्टेटस ठेवतेत बा?” शेजारचा समजावतो, “तसं नाही रे, स्टेट बँकेत असतीन.” त्यापुढे कितीही प्रभावी भाषण झाले तरी लोक पीककर्जाचाच विषय काढतात.

कोठे वापरावे

अमृतमहोत्सव, नागरी सत्कार आणि शोकसभा ही तीन मुख्य क्षेत्रे. मात्र सर्वांत जलद गुण येतो तो तिकीट कापलेल्या ज्येष्ठांवर. त्यांना दोनतीनदा भर सभेत स्टेट्समन म्हणावे. ते स्वतःहून मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसतात आणि बंडखोरीचा अर्ज मागे घेण्याची तारीख शांतपणे निघून जाते.

तहसीलवरच्या मोर्च्यात, पीकविम्याच्या बैठकीत आणि वीज गेलेली असताना वापरू नये.

प्रमाण

एका सभेस एक. ‘युवा स्टेट्समन’, ‘भावी स्टेट्समन’ अशी मिश्रणे छापखान्यात तयार मिळतात, त्यांना शास्त्रीय आधार नाही.

यासोबत मिसळू नये

हा भाग लक्षपूर्वक वाचावा. सभेच्या आरंभी मंचावरच्या तसबिरींना हार घालण्याची आपली रीत आहे. गाडगेबाबा, तुकडोजी महाराज यांच्या ओळीत डॉ. पंजाबराव देशमुखांची तसबीर असेल, तर पुढचा तासभर हा शब्द तोंडातून काढू नये. तसबीर ऐकत असते, आणि तिच्याकडे हिशेब आहे.

पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेला हा माणूस वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परत आला. १९२७ मध्ये अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उभा राहिला. १९३२ मध्ये त्याने शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि कुणब्यामाळ्यांची पोरे तिच्या वसतिगृहांतून शिकून बाहेर पडली. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे त्याने केंद्रात शेतीचे खाते पाहिले, त्याच काळात भारत कृषक समाज स्थापला आणि दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले.

इतके करून वऱ्हाडाने त्याला पदवी कोणती दिली? भाऊसाहेब. घरातल्या थोरल्याला हाक मारतात, तीच. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष खापर्डे हे दादासाहेब. शेजारच्या दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई विधान परिषदेचे सभापती झाले, बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले, तरी दादासाहेबच राहिले. या मंडळींना इंग्रजी येत नव्हते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

प्रतीक्षा कालावधी

फवारणीनंतर पीक काढायला काही दिवस थांबावे लागते. येथे कालावधी जरा मोठा आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या मते, राजकारणी मरून दहापंधरा वर्षे झाली की त्याचा स्टेट्समन होतो. भाऊसाहेब १९६५ मध्ये गेले आणि १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्याला त्यांचेच नाव लागले. म्हणजे कालावधी कमी होऊ शकतो. परंतु हयात सत्कारमूर्तीला ही अट वाचून दाखवू नये.

घरच्या घरी चाचणी

शब्द अस्सल ठिकाणी लागतो आहे का, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. आपण खारपाण पट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत जमिनीखालचे पाणी खारे. विहीर खणावी तर ओलिताला चालत नाही, प्यावे तर किडनीच्या तक्रारी गावोगाव. तेव्हा सत्कारमूर्तीसमोरची बंद बाटली हळूच उचलून तेथे हातपंपाच्या पाण्याचा ग्लास ठेवावा.

घोट घेऊन चेहरा वाकडा झाला आणि “अरे, बिस्लेरी कुठाय?” असे आले, तर ‘कार्यसम्राट’ पुरेसा आहे. “ही समस्या आम्ही मुळापासून सोडवणार,” असे आले, तर ‘भावी’ लावावे. मुळापासून सोडवण्याचे आश्वासन आपल्या आजोबांनीही ऐकले होते. आणि गोडे पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या नळाने, कोणत्या गावापर्यंत पोहोचले आणि कुठे अडले, हे कागद न पाहता सांगता आले, तर त्या माणसाला कोणतेही विशेषण न लावता आधी काम करू द्यावे.

विषबाधा झाल्यास

शब्द ज्याला लावला त्यालाच खरा वाटू लागला, तर बाधा झाली असे समजावे. लक्षणे : रुग्ण सावकाश बोलतो, फोटोत दूरवर बघतो, आत्मचरित्राचा विषय काढतो, आणि भातकुलीच्या रस्त्याबद्दल विचारले की युक्रेनवर मत देतो.

उपचार : रुग्णाला अंगरक्षक, पीए आणि कार्यकर्ते न देता आठवडी बाजारात एकटे सोडावे. थोड्याच वेळात एखादी म्हातारी त्याची बाही धरून विचारते, “काहो भाऊ, माह्ये निराधारचे पैसे कई येतीन?” येथे रुग्णाच्या उत्तराकडे लक्ष द्यावे. ‘पाहतो’, ‘सांगतो’, ‘वर बोलतो’ असे आले तर पुढच्या बाजाराला मात्रा पुन्हा द्यावी. उत्तर तारखेसह आले आणि त्या तारखेला पैसे जमा झाले, तर रुग्ण बरा झाला. पुढच्या निमंत्रणपत्रिकेत त्याच्या नावापुढे नुसते ‘भाऊ’ छापावे. अक्षरे कमी लागतात, आणि उरलेल्या जागेत चिरंजीवांचा फोटो न टाकण्याची सोय होते.