संकरित कास्तकार

1934 साली गांधीजींनी वर्ध्यात ग्रामोद्योग संघ थाटला आणि घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ असला मागास आहार देशाला सुचवला. ही चूक नेटाने दुरुस्त केल्याबद्दल जिल्ह्याचं अभिनंदन.

आता वावरात कपाशी-सोयाबीन सोडून दुसरं काही दिसणं म्हणजे शिस्तभंग. ज्वारी रानडुकरं खातात, म्हणून माणसांनी पेरायची सोडली. पाहुणचार असावा तर असा. कास्तकार हिंगणघाटच्या बाजारात पोत्याने सोयाबीन विकतो आणि येताना त्याच सोयाबीनच्या तेलाची पिशवी घेऊन येतो. चूल आणि वावर यांची ओळखच उरली नाही, त्यामुळे भांडणही नाही. राखेत घोळलेलं बियाणं मडक्यात जपायची कटकट 2002 नंतर बीटी कपाशीच्या पाकिटाने मिटवली. दाणे रंगीत, औषधात न्हालेले. मुंग्याही अदबीने लांबून जातात. संकरित वाण, म्हणून दरसाल नवं पाकीट.

त्रुटी एकच. कास्तकार अजून जुन्या वाणाचा आहे. मात्र त्याचीही पुढची पिढी आता वावरात उगवत नाही, पुण्याला कंपनीच्या गेटवर उगवते. तेव्हा कृषी केंद्रात, पाकिटांच्या शेजारीच, दर मृगाला ताजा कास्तकारही मिळावा.

उधारीवर.