बापाने वेळेत जावे

दिव्यांग मुलासाठी पैसे साठवणाऱ्या आईबापांचे आपल्या आयकर कायद्याला फार कौतुक. फक्त ते हयात असू नयेत, एवढीच त्याची माफक अट होती. कलम ८०-डीडीखाली मुलासाठी विम्याचे हप्ते भरा, करात वजावट घ्या. मुलाच्या हातात पैसे मात्र तुमचे तेरावे घातल्यावर. मुलगा पन्नाशीला आला, फिजिओथेरपीचा खर्च परवडेना, आणि ऐंशीचे वडील अजून रोज सकाळी टेकडीवर जाऊन येतात, तर चूक उघडच वडिलांची.

आणि मुलगाच आधी गेला तर? पैसे वडिलांकडे परत आणि वर त्यांच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात जमा, करपात्र. हा नियम अजून शाबूत आहे. मुलगा जाणे हीसुद्धा मिळकत, हे सुचायला प्रतिभाच लागते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, पण केंद्राला या अटीचा विचार करा म्हणून सुचवले. केंद्राने सवडीने विचार केला आणि २०२२च्या अर्थसंकल्पात कायदा बदलला. आता बापाने साठी गाठली आणि हप्ते थांबवले की मुलाला रक्कम मिळू शकते. मरणाऐवजी म्हातारपण चालेल म्हणतात. सरकार मायाळू झाले हो!

वजावट किती? दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के असतील तर ७५ हजार, ८० टक्के असतील तर सव्वा लाख. ३९ टक्केवाला कायद्याच्या लेखी धडधाकट. त्याने डॉक्टरांकडे एका टक्क्यासाठी गयावया करावी. दाखल्याला मुदत असेल तर ती संपल्यावर पुन्हा तपासणी, पुन्हा रांग. वजावटीचे आकडे २०१५चे. तेव्हापासून मुलाला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार वाढला, डायपर महागले, हे दोन आकडे तेवढे ढिम्म.

आता तर नवी करप्रणाली आली. तिच्यात ८०-डीडी नाही. दिव्यांगाला स्वतःला मिळणारी ८०-यूसुद्धा नाही. बारा लाखांपर्यंत कर नाही, मग वजावट हवी कशाला, असे विचारतात. त्याहून थोडे जास्त कमावणाऱ्याच्या घरी व्हीलचेअर फुकट येत असावी.

तेव्हा पालकहो, नवी प्रणाली आपोआप लागू होते, हे ध्यानात ठेवा. नोकरदार असाल आणि ही वजावट हवी असेल, तर रिटर्न मुदतीतच भरा आणि त्यात जुनी प्रणाली निवडा. मुदत टळली की त्या वर्षापुरती ८०-डीडी विसरा.