फक्त कुकरच्या रिंगसाठी

कुकरची रिंग मी ऑनलाइन मागवली, 149 रुपयांना. आली ती तीन लिटरची. आमचा कुकर पाच लिटरचा. परत पाठवली, तर पैशांऐवजी निरोप आला : 'ओळख पटवण्यासाठी आधार कार्डाच्या दोन्ही बाजू आणि सेल्फी अपलोड करा.'

पैसे घेताना यांना माझी ओळख लागली नव्हती. घरही बरोबर सापडलं होतं, जे आमच्या सख्ख्या मावसभावाला अजून सापडत नाही.

अण्णांनी प्रकरण हाती घेतलं. तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. कोरी झेरॉक्स देणं म्हणजे त्यांच्या लेखी कोऱ्या चेकवर सही करणं. त्यांनी झेरॉक्सवर दोन तिरप्या रेघा ओढल्या, मधोमध 'फक्त कुकरच्या रिंगसाठी' असं लिहिलं आणि खाली मला सही करून तारीख घालायला लावली. त्याचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर : 'दस्तऐवज अस्पष्ट आहे.'

"अस्पष्ट? माझं अक्षर?" अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग मी मास्क्ड आधार पाठवलं; बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेलं, खुद्द सरकारी. तेही नामंजूर. मे 2022 मध्ये बंगळुरूच्या आधार कार्यालयानं 'झेरॉक्स वाटत सुटू नका, मास्क्ड प्रत द्या' असं सांगितलं होतं. लोकांचा गैरसमज होईल म्हणून सरकारनं दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. गैरसमज झालाच नाही. झेरॉक्सवाल्याच्या दारातली रांग तेवढीच राहिली. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं खासगी कंपन्यांना आधारचा वापर करू देणारी तरतूद रद्द केली, हेही मी चॅटवर कळवलं. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया दोन्ही बाजू अपलोड करा.'

सेल्फीत तर डोळे मिचकावायचे, मान डावीकडे, मान उजवीकडे. "हा हयातीचा दाखलाच झाला," अण्णा म्हणाले, "पण मला तो दिल्यावर पेन्शन तरी मिळते."

चिरंजीवांनी वेगळीच भर घातली. डिस्कॉर्ड नावाच्या त्याच्या गप्पांच्या अड्ड्यावर वय सिद्ध करायला लोकांनी ओळखपत्रं दिली होती. 2025 मध्ये ग्राहकसेवेचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे 70,000 जणांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती गेले असावेत, असं डिस्कॉर्डनंच जाहीर केलं. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. जन्मतारीख बदलायची सोय आमच्या पिढीत फक्त शाळेत नाव घालताना होती. हेडमास्तरांनी सरसकट 1 जून लावली, ती लावली.

शेवटी मी चॅटवरच्या 'प्रिया'ला विचारलं, "ताई, माझं कार्ड नक्की कुणाकडे जाणार? तुमचं आडनाव, ऑफिसचा पत्ता, एखादा फोन नंबर तरी द्या."

ती बराच वेळ टाइप करत होती. मग उत्तर आलं : 'सुरक्षेच्या आणि गोपनीयतेच्या कारणास्तव आम्ही कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती देत नाही.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. "पोरगी हुशार आहे," म्हणाले.

जुनी रिंग आता रोज रात्री फ्रीझरमध्ये असते. गारठली की सकाळच्या वरणापुरती घट्ट बसते.