राजवाडा जॅकवर

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी मंडळींनी हे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे गेले, आणि मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी'चं 'मामा तलाव' होऊन बसलं. या मामा तलावांवर मी एक अभ्यासपूर्ण लेख लिहिणार होतो. तो हा लेख नव्हे. मामांपर्यंत पोचायच्या आत मेहुणा आडवा आला.

तलाव बघायला एसटीने जाता आलं असतं. पण मेहुण्याची पिकअप नागपूरहून साकोलीकडे निघाली होती आणि फुकट प्रवास म्हटला की माझी अभ्यासू वृत्ती उफाळून येते. गाडीत माल होता नाटकाचा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम उघडतो. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं आणि मधेच उठून जाणाऱ्याला गावात रसिक समजत नाहीत. आमच्या मागे ताडपत्रीखाली नागपुरात नव्याने रंगवलेला राजवाड्याचा पडदा, लाल मखमलीचं सिंहासन आणि भाल्यांची एक मोळी होती. केबिनमध्ये मेहुणा, खिडकीशी ऑर्गनवाले काकाजी आणि मधोमध मी. पिकअपची मधली जागा सडपातळ माणसासाठी ठेवलेली असते. नागपूर ते भंडारा साठ-पासष्ट किलोमीटर मेहुणा दर वेळी माझ्या उजव्या गुडघ्याची परवानगी काढून गिअर बदलत होता.

वैनगंगेचा पूल आला. नदी रुंद आहे, चांगली आहे.

गाडी मौद्यापासूनच मरगळली होती, पण सपाट रस्त्यावर ते झाकून गेलं. आमच्या वाटेवर चढ म्हणायचा तर लाखनीचा उड्डाणपूल. तिथे मेहुण्याने ॲक्सिलरेटर मुळापर्यंत दाबला. इंजिन बोंबललं आणि गाडीचा वेग कमी झाला. तिसरा, दुसरा, पहिला. मागच्या ट्रकांनी हॉर्नवर हात ठेवले ते काढलेच नाहीत.

"भाऊजी," मेहुणा समोर बघत म्हणाला, "जरा उतरता का?"

मी उतरलो. काकाजीही उतरले, पण ते सभ्यतेपोटी. गाडी माझ्याविना पाच-पन्नास पावलं चढली आणि थांबली. माझं वजन निर्दोष सुटलं. पुलावर याचा आनंद मला एकट्यालाच झाला.

गाडी उलटी खाली घेतली आणि भंडाऱ्याकडे परत फिरलो. सुटा भाग लागला तर नागपूर तिथून जवळ, असा हिशोब. वीसेक किलोमीटर, दुसऱ्या गिअरमध्ये. तापलेल्या लोखंडाचा वास पायाखालून येत होता. धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर शेजारी आला आणि त्यावरच्या गड्याने विचारलं, "काऊन भाऊ, गाडी बिमार हाये का?" पुढे एक शाळकरी पोरगं सायकलवरून निघून गेलं. त्याने वळून बघितलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं.

भंडाऱ्यातले मिस्त्री कमी बोलणारे निघाले. त्यांनी गाडी चालू ठेवायला सांगितली आणि सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरला.

"हवाच नाही येऊन रायली."

मग खाली सरकून त्यांनी पाइपातल्या एका फुगीर डब्यावर मूठ मारली. आत काहीतरी खुळखुळलं. डब्याच्या अलीकडचा जोड सैल केला, आणि इतका वेळ गुदमरलेलं इंजिन असं गरजलं की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. ॲक्सिलरेटरला पायाने नुसतं विचारलं तरी उत्तर येत होतं.

"कन्व्हर्टर बसला. जाळी चोक."

इथे मी पुढे झालो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा माझ्या वाचनातला विषय आहे. ज्या यंत्राला हात लावायची वेळ येणार नाही, त्याची मला उत्तम माहिती असते. मिस्त्रींनी माझा उत्साह बघून माझ्या हाती बॅटरी दिली आणि ती कुठे धरायची ते दाखवलं. उजेड पाडता पाडता मी सांगू लागलो. डब्यात चिनी मातीची, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते. तिच्या भिंतींवर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा हात मारलेला असतो, ग्रॅमच्या हिशोबात. धूर त्या भोकांतून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं इंधन तिथे पुरतं जळतं, प्लॅटिनम स्वतः खर्ची पडत नाही. युजीन हूद्री नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने लॉस एंजेलिसचं धुरकं बघून 1950 च्या दशकात हे काढलं, पण पेट्रोलमधलं शिसं या जाळीला मारून टाकायचं, म्हणून तो डबा गाड्यांना सर्रास लागायला 1975 उजाडावं लागलं. आपल्याकडे 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला, आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल...

"बॅटरी थोडी इकडे," मिस्त्री म्हणाले. "हूद्री साहेब आज येतेत का?"

"नाही. वारले."

"मंग बॅटरी इकडेच धरा."

मेहुण्याचं या डब्याशी जुनं वैर आहे. 2017 च्या मार्चअखेर सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिलपासून बीएस-थ्री गाड्या विकायला बंदी केली आणि दोन दिवस देशभर शोरूमांवर झुंबड उडाली. कंपन्या मिळेल त्या किमतीला माल काढत होत्या. मेहुणा ते दोन दिवस एका लग्नात वाढपी होता. तो शोरूमला पोचला तेव्हा एप्रिल लागला होता, सवलत संपली होती, आणि त्याला पुऱ्या किमतीत बीएस-फोर पिकअप घ्यावी लागली. "हा डबा मले कोर्टाने लावला," असं तो अजूनही सांगतो.

डबा सुटायला तयार नव्हता. चार पावसाळ्यांचा गंज आणि रोजची भट्टी, नट आणि बोल्ट एकजीव झाले होते. डिझेल ओतलं, गॅसने लाल केलं, पान्यावर पाइप चढवून दोघं लोंबकळले. एक स्टड कट्कन तुटून आतच राहिला. तो ड्रिलने काढायचा, तर लाइट गेली. जॅक नीट लागावा म्हणून माल उतरवला होता, त्यामुळे गॅरेजच्या दारात आता भाले आणि सिंहासन मांडलेलं. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी सिंहासनावर बसलो. जाणारे-येणारे थांबू लागले. एका बाईने लेकराला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावलं.

एवढ्यात नाटकाच्या मॅनेजरचा फोन.

"राजवाडा कोठी पोचला?"

"भंडाऱ्यात," मेहुणा म्हणाला.

"अजून भंडाऱ्यात? करून काय रायला तो तिथं?"

"जॅकवर आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "अन् सिंहासन?"

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. "त्याच्यावर भाऊजी आहेत."

डबा अखेर निघाला. पुढचं तोंड तेलकट काजळीने लिंपून गेलेलं, मागे वीट फुटून तुकडे झालेले. मिस्त्री म्हणाले, "हा सोताहून नाही मरत. याले मारतेत. तुमचा एक इंजेक्टर गळून रायला, कच्चं डिझेल इथं येऊन पेटते. आधी तो बदला, नाहीतर नवीनबी जाईल." नव्याची किंमत त्यांनी सांगितली तेव्हा मी उठून मेहुण्याला सिंहासन दिलं.

तिथे बसून मेहुण्याने दुसरा मार्ग काढला. तो सगळ्यांना ठाऊक असतो. सळाख घालून जाळी फोडायची, भुगा झटकायचा, रिकामा डबा परत चढवायचा. बाहेरून कोणाला कळत नाही, गाडी पळते, खर्च नाही. "आपल्या एकट्याच्या धुराने काय होते?" मेहुणा म्हणाला.

इथे माझं डोकं सणकलं. बीएस-फोर डिझेल गाडीच्या धुराला 50 हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे, पीयूसीच्या वेळी सायलेन्सरमध्ये नळी घालून, इंजिन पुरतं रेस करून ती मोजायची असते, आणि गाडी घरी उभी असताना ज्याच्या पाकिटात ताजं पीयूसी येतं असा प्रत्येक माणूस मला हेच वाक्य ऐकवतो. एकट्याच्या धुराने! सुपारीएवढ्या गावाच्या चौकातसुद्धा हे एकटे ओळीने उभे असतात. मी बरंच बोललो. हातात भाला होता हे नंतर लक्षात आलं.

मेहुणा हलला नाही. हलवलं ते मिस्त्रींच्या वडिलांनी. ते मघापासून खाटेवर होते. भंडारा पितळी भांड्यांचं गाव, आणि त्यांचं आयुष्य पितळेच्या भट्टीवर गेलेलं. तांबं वितळण्याच्या आधीच जस्त उकळतं, त्याचा पांढरा धूर छपराखाली कोंडायचा. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढायचा, सकाळी उतरायचा, सकाळी परत भट्टी. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ताप हमखास. गूळ खायचो, म्हणाले. त्यांनी जाळीचा एक धड तुकडा उचलला, आभाळाकडे धरला आणि एक डोळा मिटून आरपार बघितलं.

"याच्यातून धूर साफ होऊन निंगते?"

"हो जी," मी म्हणालो. "बराचसा."

"आमच्या भट्टीले नोती."

एवढंच बोलून त्यांनी तो तुकडा दुपट्ट्याच्या टोकाने पुसला आणि मेहुण्याच्या हाती दिला. मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. मग खिशातून फोन काढून मिस्त्रींना म्हणाला, "मागवा नवीन. अन् इंजेक्टरबी." पुढचा तासभर तो आम्हा सगळ्यांशी फटकून वागला.

नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल आलं ते बीएस-थ्रीचं. परत फोन, परत शिव्या, परत बसची वाट. या वेळात गाव बघून घ्यावं म्हणून मी मेंढ्याच्या भृशुंड गणपतीला जाऊन आलो. मूर्ती मोठी आहे, शेंदरी आहे. परतलो तर काकाजींनी ऑर्गन उतरवून सूर धरला होता आणि मिस्त्रींचा पोरगा पान्याने ताल देत होता. भंगारवाला तेवढ्यात दोनदा येऊन गेला. नव्या डब्याबद्दल गावात कोणाला काडीची उत्सुकता नव्हती. मेलेल्याचा भाव मात्र दर खेपेला वाढत होता, कारण प्लॅटिनम मरत नाही. दुपारी ज्या डब्याला मेहुणा सळाख घालायला निघाला होता, तो आता त्याने गोणपाटात गुंडाळून स्वतःच्या सीटखाली ठेवला.

अंधार पडल्यावर दुसरं पार्सल आलं, बरोबर बसलं. नवं पॅकिंग, नवे स्टड, चार फेऱ्या रेस. मिस्त्रींनी परत तळहात धरला आणि मान हलवली. लाखनीचा पूल आम्ही तिसऱ्या गिअरवर चढलो, मी आत बसलेलो असताना. हे मी मेहुण्याला बोलून दाखवलं. मग साकोली येईपर्यंत पुन्हा दाखवलं.

पोचलो तेव्हा मांडव गच्च भरला होता. उशिराबद्दल कोणाची तक्रार नव्हती, रात्र सगळी त्यांचीच होती. राजवाडा टांगला गेला. राजे सिंहासनावर बसले, उठले, आणि त्यांच्या पांढऱ्या धोतरावर मागे मेहुण्याचा काळा पंजा उमटलेला पहिल्या रांगेने ओळखून टाळ्या वाजवल्या.

मॅनेजर विंगेत माझ्याजवळ आला. त्याला माझ्याशी तलावांविषयी बोलायचं असेल असं मला वाटलं.

"गाडी लई धूर मारत होती म्हणते दिवसा?"

"हो. आता एकदम स्वच्छ झाली. नवा कन्व्हर्टर—"

"काऊन केली जी? तिसऱ्या अंकात स्वर्ग आहे. आमची धुराची मशीन जळली."

मेहुण्याने सीटखालच्या गोणपाटाकडे बघितलं. मी म्हणालो, नाही.