पगाचं नाक आणि मे महिन्यातला गोरखगड

"काकू, ऐकलंत का? त्या बंगलेवाल्या डोंबिवलीकरांचा कुत्रा परवा मरता मरता वाचला."

"कुठला गं? तो नकटा?"

"तोच. पग. मोबाइलच्या जाहिरातीत पोराच्या मागेमागे फिरायचा ना, त्या जातीचा. जाहिरात बघून लोकांनी हौसेनं घरी आणले, पण बसक्या नाकामुळे त्याला धड धापसुद्धा टाकता येत नाही, हे जाहिरातीत कोण सांगणार!"

"झालं काय पण?"

"भर मे महिन्यात गोरखगडावर घेऊन निघाले. पायथ्याच्या देहरीत पोचेस्तोवर दहा वाजले. त्या वेळेला आपली माणसं गुरं घेऊन सावली शोधतात. आणि पाण्याची बाटली किती, तर एक. का, तर वर गुहेपाशी टाकी आहेत म्हणे. अहो, पण तिथवर चढायचं आधी! निम्म्या वाटेत कुत्र्यानं बसकण मारली. जीभ हातभर बाहेर, हिरड्या लालभडक, तोंडाला चिकट लाळ. आणि बाई म्हणते, नाटकं करतोय."

"काय सांगतेस! मग?"

"गुरं चारणाऱ्या एका पोरानं उचलून सावलीत नेला. पोटावर, जांघेत, पंज्यांवर पाणी ओतलं, टोपीनं वारा घातला. बाई ओला टॉवेल गुंडाळून ठेवत होती, तो त्यानं काढायला लावला. टॉवेल अंगावर तसाच राहिला की तापतो आणि उष्णता आत कोंडते. दवाखान्यात डॉक्टरही तेच म्हणाले. आधी जागेवर गार करा, मग गाडीत घाला. कुत्र्याचं अंग एरवीही आपल्यापेक्षा गरम, १०१-१०२. ते १०५-१०६ वर गेलं की किडनी-लिव्हरपर्यंत सगळं बिघडतं. घाम येतो तो फक्त पंज्यांच्या गादीला, बाकी सगळी मदार धापेवर."

"आमचा काळ्या बघ. दहा वाजले की मोरीच्या ओलीत खड्डा उकरून पोट टेकतो, तो उन्हं कलल्याशिवाय उठत नाही. भाकरी दाखव, नुसता एक डोळा उघडतो."

"त्याच्या गळ्यात पट्टा नाही ना काकू! पट्टेवाला बिचारा मालक नेईल तिकडे जातो, पडेस्तोवर. आपण चपला घालून डांबरावर चालतो, त्याचे पाय उघडे. कल्याण-नगर रस्त्यावर दुपारी पालथा हात टेकवून बघा, पाच-सहा सेकंद ठेवलात तरी पुष्कळ."

"आणि नाक्यावर वडापाव खायला उतरतात, तेव्हा कुत्रं गाडीत. काच बोटभर उघडी ठेवली की झालं!"

"त्या बोटभर फटीनं काही होत नाही. दहा मिनिटांत गाडी आतून दहा अंशांनी तरी तापते. न्यायचंच तर पहाटे पाचला निघावं, ऊन चढायच्या आत खाली यावं. पाणी त्याच्या वाट्याचं वेगळं."

"माझा भाचा बदलापुरात हस्की आणतोय. उन्हाळ्यात केस भादरून टाकू म्हणतो."

"भादरू नका म्हणावं, उघडी कातडी भाजते. त्यापेक्षा आणूच नका म्हणावं! बर्फातलं जनावर ते, बदलापुरात काय करणार?"

"ऐकतोय तो! बरं, त्या डोंबिवलीकरांना अक्कल आली का?"

"आली थोडी. येत्या रविवारी माहुली गडावर जाणारेत."

"परत? कुत्र्याला घेऊन?"

"छे. कुत्रा माझ्याकडे. दहीभात खातो म्हणे, पण कढीपत्ता चालत नाही."